वीतभर राहिलेला चेंडू

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून नियमित लिहायचं. मोठे खेळाडू लिहितात.
क्लबच्या गोल्फच्या जोडी सामन्यासाठी बाबांनी माझी निवड केली. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा नेहमीचा जोडीदार परगावी गेलाय आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं, पण शेवटी निवड ती निवड.
समोर डॉक्टर आणि त्यांचे वकील मित्र. डॉक्टर हाडांचे. सामन्यानंतरच्या आठवड्यात तेच बाबांचे दोन्ही गुडघे बदलणार आहेत. बाबा आजवर त्यांच्याकडून फक्त हरलेत. म्हणाले, एकदा या माणसाला हरवायचं आणि मगच त्याच्या टेबलावर आडवं व्हायचं. पुढे अठरा होल चालणं होईल न होईल. तुम्ही सांभाळून घ्या, जावईबापू.
लग्नाला पंधरा वर्षं झाली, अजून जावईबापूच. मेव्हण्याला ‘अरे गाढवा’ म्हणतात. तेवढी जवळीक मला मिळालेली नाही. हा सामना जिंकला की मिळेल. लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी
नियम समजून घेतला. जोडीत चेंडू एकच. एक फटका बाबांचा, पुढचा माझा, की परत बाबांचा. म्हणजे मी चेंडू जिथे पाठवीन तिथून बाबांनी मारायचं. बाबांचं काम किती सोपं झालं!
ज्यांचा चेंडू कमी फटक्यांत खड्ड्यात, तो होल त्यांचा. ज्यांचे होल जास्त, ते जिंकले.
ऑफिसात केबिनमध्ये पेला आडवा ठेवून सराव. चेंडू कपाटाखाली गेला. शिपाई पोटावर झोपून फूटपट्टीने काढत होता, तेवढ्यात ऑडिटर आले. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइल मागवली.

९ फेब्रुवारी, रविवार
बाबांबरोबर मैदानावर. पाचव्या होलच्या ऐन मध्यावर एक अवाढव्य झाड आहे. सभासद त्याला हेडमास्तर म्हणतात, त्याच्या तावडीतून कोणी सुटत नाही म्हणून. माझा चेंडू हेडमास्तरांना लागून आम्ही उभे होतो त्याच्याही मागे गेला. वारा होता. बाबांनी तिथून मारला आणि लगेच पुढे चालू लागले. समाधानी दिसले.
अठरावा होल म्हणजे शेवट. तळ्यावरून मारायचं. पलीकडे हिरवळ आणि हिरवळीला लागून क्लबचा व्हरांडा. लोक तिथे चहा पीत दुसऱ्यांची फजिती बघतात.
बाबांना वाकताना कळ येते. म्हणून खड्ड्यापाशी वीतभर राहिलेला चेंडू मीच आत ढकलून टाकतो, पाळी त्यांची असली तरी. बाहेर काढूनही देतो. बाबा म्हणाले, माझा फटका मला मारू द्या. जुनी माणसं संकोची.

१६ फेब्रुवारी
पुन्हा सराव. वीतभरचे सगळे मीच ढकलले. आता विचारसुद्धा करावा लागत नाही, हात आपोआप जातो.
ही म्हणाली, बाबांना मदत नकोय, खेळायचंय. मी म्हटलं, सेवा विचारून करायची नसते. ही भाजी चिरत राहिली. पटलं असावं.

२३ फेब्रुवारी
बंकर नावाच्या खड्ड्यात वाळू फार. मारला तर वाळू बाहेर आली, चेंडू आतच. बूट नवीन आहेत, त्याचा परिणाम. संकल्प: चहा बंद. दीर्घ श्वसन. डॉक्टरांकडे बघायचं नाही.

२४ फेब्रुवारी
चहा सुरू. ऐनवेळी सवय मोडणं धोक्याचं.

१ मार्च
उद्या सामना. बाबांचा फोन आला. नीट झोपा म्हणाले. मग म्हणाले, मला हे जिंकायचंय हो. आवाज वेगळाच होता. मला एकदम भरून आलं. म्हटलं, बाबा, तुम्ही निर्धास्त राहा, मी आहे ना. तेवढ्यात फोन कट झाला. नेटवर्क गेलं असावं.

२ मार्च, रविवार, सकाळी, नऊ होल झाल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत
दोन होलांनी मागे. हेडमास्तरांना पुन्हा लागला. बाबांनी तिथून झाडाच्या दोन फांद्यांमधून असा काढला की वकीलसाहेब टाळ्या वाजवून बसले. बाबा लंगडताहेत. डॉक्टर त्यांच्या चालण्याकडे, दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बघताहेत. आता एकच करायचं, बाबांच्या वाटेत यायचं नाही.

२ मार्च, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही.

४ मार्च
लिहितो.
उरलेल्या नऊ होलांत बाबा पेटले. दोन होल परत मिळवले. अठराव्यावर आलो तेव्हा बरोबरी. व्हरांडा भरलेला. चहाचे कप हवेत थांबलेले.
डॉक्टरांचा चेंडू तळ्यात. खड्ड्यात पोचेपर्यंत त्यांचे सहा फटके झाले. आमचे तीन झाले होते आणि चौथा माझा, हिरवळीच्या पार टोकावरून. बाबा हळूच म्हणाले, फक्त जवळ आणा, पुढचं मी बघतो.
मी मारला. देवाशपथ, आयुष्यातला सर्वोत्तम फटका. चेंडू वळत वळत गेला आणि खड्ड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. व्हरांड्यात टाळ्या. पाळी बाबांची. एक फटका आणि सामना आमचा. बाबा येत होते. लंगडत, पण हसत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता वाकावं लागेल यांना.
आणि हात आपोआप गेला.
चेंडू आत पडल्याचा आवाज झाला. मी दोन्ही हात वर केले. टाळी एकही नाही. बाबा होते तिथेच उभे राहिले. त्यांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.
पाळी मोडली की तो होल गेला. होल गेला, सामना गेला. वकीलसाहेबांनी नियम सांगितला, फार हळू आवाजात. डॉक्टर म्हणाले, इतका जवळचा चेंडू आम्ही न मारताच तुम्हाला देणार होतो, मी बोलायला तोंड उघडतच होतो.
बाबा एवढंच म्हणाले, चला, जावईबापू.
घरी आल्यावर हिने मला पाणीही विचारलं नाही. मी खोलीत जाऊन रडलो. बूट खरंच चावत होते, तरी त्याने नव्हे.

९ मार्च, रविवार
आज शस्त्रक्रिया. हॉस्पिटलात सकाळपासून बाकावर. बाबा आठवडाभर माझ्याशी अतिशय आदराने बोलताहेत. बसा, घ्या, या. भीतीच वाटते.
बाबांना चाकांच्या खाटेवरून नेताना मी आपला शेजारून चाललो. खाट वॉर्डबॉय ढकलत होता, मीही हात लावला. दारात डॉक्टर हिरव्या कपड्यांत उभे. त्यांनी बाबांना विचारलं, काही सांगायचंय का.
बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, कापा, जोडा, काय हवं ते करा. फक्त शेवटचा टाका तुम्ही स्वतः घाला. या गाढवाला घालू देऊ नका.
दार बंद झालं. ही तोंडाला पदर लावून हसत होती, की रडत होती, कळलं नाही.
गाढव म्हणाले. स्पष्ट ऐकलं.
बाकावर बसून आहे. खाटेवरचा माझा हात दारात नर्सने काढला तो अजून तसाच हवेत होता, आता खाली घेतला.