'डे'ला जुळणारा शब्द

आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

मी इथे परदेशात सांभाळते त्या गोऱ्या आजींची वाचा झटक्याने गेली, हे तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी त्यांना यमकांचा खेळ दिलाय. मी इंग्रजी शब्द म्हणायचा, त्यांनी जुळणारा शोधायचा आणि अर्थ खुणेने दाखवायचा. मी 'बेड' म्हटलं की त्या 'हेड' म्हणतात आणि डोक्यावर हात ठेवतात. माझं निम्मं इंग्रजी त्यांच्या खुणांवरच चाललंय म्हण ना!

आज त्यांचा मुलगा समोर बसला. आजी बोलल्या नाहीत, तर त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवणार आणि मला कामावरून काढणार. तो म्हणाला, "डे." 'से', 'वे', 'प्ले' सगळे आम्ही घोटलेले, पण आजींची दातखीळच बसली.

मग आजींनी माझ्याकडे दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "ये."

रोज सकाळी त्यांना उठवताना मीच तसे हात करून, लेकराला म्हणावं तसं 'ये' म्हणते ना!

"असा शब्दच नाही," मुलगा म्हणाला. मी आपल्या मराठीतला अर्थ सांगितला. त्याने आईच्या हातांकडे पाहिलं. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाला.

माझी छकुली आता बोलायला लागली असेल. 'ये' म्हणते का गं? म्हणत असली तरी फोनवर मला ऐकवू नकोस. उद्या त्याने राहा म्हटलं, तर मला राहता आलं पाहिजे.

तुझी,
थोरली