न लागणाऱ्यांची यादी

सोमवार, ४ ऑक्टोबर
नवं गाव, नवी नोकरी आणि चक्क खिडकीजवळची खुर्ची! वाचनालयाच्या व्यवस्थापक बाई दिलदार निघाल्या. आल्या आल्या माझं आणि बाबांचं सभासद खातं उघडून दिलं. बाबांना हल्ली सकाळी जेवलो का तेही आठवत नाही, पण वर्तमानपत्रांचा ढीग बघून स्वारी खूश. त्यांना वाचनकक्षात बसवून मी काम करायचं, असं ठरलंय. शेजारच्या मेजावर पुस्तकबांधणीवाले काका असतात. घरी कुणी नाही, फाटकी पुस्तकंही आता बांधायला बाहेर जातात, त्यामुळे मी नुसता शोभेला आहे, असं हसत सांगत होते.

काम सोपं आहे. वाचनालयाची सगळी खाती ज्यावर आहेत, त्या युनिक्स घराण्यातल्या जुन्या सर्व्हरवर एक प्रोग्रॅमिंग भाषा बसवायची. तिला सॉफ्टवेअरचे दहा सुटे भाग लागतात आणि त्या भागांना आणखी वीस. एकाला बोलवावं तर अख्खं खानदान येतं.

मंगळवार, ५
भाषा बसली एकदाची. शेवटी मशीनने नेहमीची यादी काढली: या गोष्टी आता कुणाला लागत नाहीत, काढून टाकू का? ज्याच्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही, ते मशीनच्या लेखी अडगळ. वीस वर्षांत मी ही यादी कधी वाचलेली नाही. माझ्या धंद्यात कुणीच वाचत नाही. 'हो' दाबलं, आणि यापुढे दर शनिवारी नऊला न विचारता साफसफाई कर, असंही सांगून टाकलं. मग बाबांना घरी घेऊन आले. आंघोळ, जेवण, गोळ्या. पाठीचा पार भुगा झालाय.

बुधवार, ६
काकांचं मेज रिकामं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आमच्याकडे बांधणीवाला कधी नव्हताच. आधी वाटलं, माझी फिरकी घेतायत. परवा यांनीच तर ओळख करून दिली होती. इथे लिहून ठेवलं नसतं, तर मलाही शंका आली असती.

गुरुवार, ७
सर्व्हरवर मंगळवारची नोंद सापडली. काढलेले तेवीस सुटे भाग, आणि चोविसावं काकांचं खातं. मी 'हो' म्हटलं. न वाचता.
सर्व्हरकडे काकांचं खातं परत मागितलं. असं काही अस्तित्वात नाही, एवढंच उत्तर येतं.
शनिवारची यादी तयार आहे. एकच नाव. वाटलं, बाबाच असणार. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. खात्यांच्या नोंदीत बाबांच्या नावापुढे मात्र लिहिलंय: एकीला लागतात.
यादीत मी आहे.

शुक्रवार, ८
काल साफसफाई रद्द करायला गेले, तर सर्व्हर म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही. आज पहारेकऱ्याने दारातच अडवलं. बाईंनी मला ओळखलं नाही. सर्व्हरला हात लावता आला नाही, साफसफाई थांबवता आली नाही. खूप विनवलं.
बाबांना मी लागते की! उठल्यापासून झोपेपर्यंत लागते. पण त्यांना ते माहीत नाही. सकाळी विचारत होते, बाई, तुम्ही कुणाच्या?
मी गेले तर त्यांच्या नावापुढेही शून्य. मग पुढच्या शनिवारी—

शनिवार, ९. साडेआठ
त्यांना समोर बसवलंय. मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, ही तुमची मुलगी. म्हणाले, अक्षर छान आहे. मग विचारलं, कुणाची मुलगी?

आठ चाळीस
शेजारणीकडे गेले. गोळ्यांच्या वेळा सांगायला. मी तिला दिसलेच नाही, तोंडावरच दार लावलं तिने—

आठ पंचावन्न
पुन्हा सांगितलं. बाळपणीचं सगळं. थकले. थकले पण—

नऊला एक मिनिट कमी
बाबांनी मान वर केली. माझं नाव घेतलं! म्हणतायत, माझी पोर कुठे गेली, तिला बोलवा, मला तिच्याशिवाय होत नाही—
पण बघतायत दाराकडे. हाक मारली, ऐकू जात नाही. हात धरला, तरी दाराकडेच. म्हणून इथे लिहितेय, वही त्यांच्या मांडीवर ठेवून. वाचा, बाबा, खाली बघा, मी इथेच आहे, तुमच्या सम