दाराआडून जोडलेला सांधा

अण्णा,

आज वर्गात पुन्हा तुमची आठवण झाली आणि तीही तीन शब्दांच्या एका इंग्रजी वाक्यावरून. ऐकून कपाळाला हात लावाल. मुंबईच्या कॉलेजात मी मुलांना इंग्रजी बोलायला शिकवते. मुलं हुशार आहेत, पण वाचायला उभी राहिली की 'पिक', 'इट', 'अप' असा एकेक शब्द दाढेखाली सुपारी फोडावी तसा फोडतात. साहेब तसं बोलत नाही. तो शब्दाला शब्द चिकटवून 'पिकिटप' म्हणतो, आणि पोरं बावचळतात. मग मी तुमची रीत काढते. आधी पदं सुटी. मग दोन-दोन, मागचं पुढच्याला धरून, 'पिक इट', 'इट अप'. मग सगळं एका श्वासात. ओटीवर शिष्यांकडून तुम्ही वेद असाच घोटून घ्यायचात. मुलांना वाटतं, बाईंनी हे विलायती पुस्तकातून आणलंय. वाटू दे मेल्यांना.

श्रीवर्धनच्या घरात ओटीवर तुम्ही असायचात आणि लग्न होऊन वर्षाच्या आत कुंकू पुसून परत आलेली मी स्वयंपाकघरात. मध्ये एक माजघर, दारं समोरासमोर. पेजेचं तपेलं उतरवताना, वाडीतली सुपारी सोलताना माझे कान तुमच्याकडेच. आई म्हणायची, "कान काय त्या दाराला टांगून ठेवलेस गो?" एकदा जात्यावर बसले असताना मी तुमची ऋचा नकळत मोठ्याने म्हणून गेले. तुम्ही सोवळ्यातच आत आलात. "बायकांनी हे म्हणायचं नसतं. पुन्हा कानावर आलं तर जीभ हासडीन." मला शिकायचं होतं अण्णा, काहीही, कुणाकडूनही. त्या घरात दळण-कांडण करत मला म्हातारी व्हायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर तुम्ही पाट फिरवलेला. रोज अंगणाकडे तोंड करून बसणारे तुम्ही आता स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसलात, आणि आवाजही वाढलेला. माझ्यावर पहारा ठेवायला बसलात की मला नीट ऐकू यावं म्हणून? किती वेळा विचारावंसं वाटलं. तुमच्यापुढे उभं राहायची छाती कुणाची होती!

मग तुम्हाला अर्धांग झालं. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि ज्या तोंडातून सलग जोडलेली संहिता पाण्यासारखी वाहायची त्यातून सुटी पदं पडायला लागली. शिष्य दुसऱ्या गुरुजींकडे गेले. तरी तुम्ही सकाळी पाटावर बसायचातच. एका सकाळी तुम्ही एका पदापाशी अडकलात. तेच पद म्हणताय, पुढचं त्याला जुळत नाही, पुन्हा मागे जाताय, डोळ्यांतून पाणी. माझ्या हातात अडकित्ता होता. मला ते बघवेना. मी आतूनच दोन्ही पदं जोडून म्हटली. आईने तोंडावर हात ठेवला. तुमचा डावा हात वर झाला आणि मला वाटलं, आता पंचपात्र येतंय अंगावर. पण तो हात शिष्यांसाठी उठायचा तसा उठला होता. पुढे, म्हणून. मी पुढे म्हटलं, तुम्ही मागून ओठ हलवलेत, आणि आपण दोघांनी ते शेवटपर्यंत नेलं. नंतर आईकडे बघून तुम्ही एकेक शब्द ओढून काढलात. "हिला. मुंबईस. धाड."

आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू. देत."

आत्याकडे राहून शिकायचं ठरलं. आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसताना मी किनाऱ्याकडे पाहिलं. तुम्हाला खुर्चीत बसवून वाळूपर्यंत आणलं होतं. तुम्ही काहीतरी म्हणालात, ते वाऱ्याने नेलं. माझ्या पहिल्या सुट्टीआधीच तुम्ही गेलात. तुमचा तो जुना, न तुटणारा आवाज मला एकदा, अगदी एकदाच ऐकायचाय हो. बाकी सगळं मिळालं. पगार मिळतो, मान मिळतो, पोरं वाट सोडून उभी राहतात.

हे पत्र कुठे धाडणार? आणि धाडता आलं असतं तरी पुढचं तुम्हाला सांगायला लाजलेच असते. वर्गात मी खुर्ची फळ्यासमोर ठेवत नाही. दाराकडे तोंड करून बसते. बाहेर व्हरांड्यात झाडलोट करणारी एक पोर रोज त्या दारापाशी रेंगाळते, आणि ती आली की माझा आवाज आपोआप वाढतो. तुम्ही पाट का फिरवला होतात, ते आता मला विचारावं लागणार नाही, अण्णा.