एक त्याचं, एक माझं

३ मार्च

त्याने रेझर नेला, चार्जर नेला, इस्त्रीसुद्धा नेली. पुस्तकं मात्र नाही! भिंतभर कपाट तसंच उभं. जाडजूड, जुन्या, थोर कादंबऱ्या. त्यांच्याकडे बोट दाखवून तो माझ्या पुस्तकांना ‘टाइमपास’ म्हणायचा. पाहुण्यांसमोरही. ‘हिला खून आणि लग्न, दोनच गोष्टी लागतात.’ सगळे हसायचे. मीही.

जाताना दारात एवढंच बोलला — ‘आईला इतक्यात काही कळू देऊ नकोस. मी सांगेन.’

दुसरी बाई त्याच्याच ऑफिसातली. ती म्हणे खूप वाचते.

४ मार्च

ठरवलं. एक त्याचं वाचायचं, एक माझं. आळीपाळीने. त्याला त्या पुस्तकांत असं काय मिळत होतं जे माझ्यात मिळालं नाही, ते तरी कळेल. आणि परत आला तर बोलायला विषय होईल.

वेडी आहे मी.

९ मार्च

पहिलं थोर पुस्तक. माणसंच माणसं! कोण कुणाचा मामा, पत्ता लागत नाही. डोंगराचं वर्णन संपता संपत नाही. बसमध्ये डुलकी लागली, स्टॉप चुकला.

दवाखान्यात दिवसभर तेच — श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. आज एक्स-रे काढताना एका आजोबांना ‘धरून ठेवा’ म्हटलं आणि काचेमागे तशीच उभी राहिले. शेवटी तेच म्हणाले, ‘बाई, सोडू का आता?’ लालबुंद झाले होते बिचारे! हात जोडून माफी मागितली. मग आतल्या खोलीत जाऊन रडले.

१५ मार्च

आईंचा फोन. सासूबाई दर रविवारी करतातच.

‘आवाज का असा?’

‘सर्दी झालीय.’

‘आणि तो?’

‘बाहेर गेलाय.’

खोटं तरी कुठे आहे! गेलाच आहे बाहेर.

२० मार्च

माझी पाळी. लाडकी प्रेमकथा काढली. पूर्वी हिच्यापायी दूध उतू जायचं. आज चार पानांत मिटली. सगळे एकमेकांना किती पटापट सापडतात यात.

२९ मार्च

पुन्हा ती डोंगरांची कादंबरी. तिच्यात एक बाई आहे. नवरा निघून गेल्यावरही ती त्याची ताटली धुऊन ठेवते. वापरलेली नसते, तरी धुते. मी पुस्तक उलटं ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दोन कप. सकाळी मीच काढले होते.

डोंगर गेले खड्ड्यात. त्या लेखकाला माझ्या घरातलं कसं कळलं?

५ एप्रिल

आज सगळं फुटलं.

रविवारचा फोन. विषय बदलायचा म्हणून मी आईंना सांगितलं, अमुक कादंबरी वाचतेय. तर म्हणाल्या, ‘कुठवर आलीस? घोडा विकला का त्याने?’

‘तुम्ही वाचलीय?’

‘अगं, माझीच आहे ती! सगळी माझीच. मी लहान घरात आले तेव्हा तुमच्याकडे पाठवली. तो कुठला वाचतोय! शाळेतसुद्धा मी गोष्ट सांगायची आणि हा त्यावर मार्क मिळवायचा.’

मला हसू फुटलं. हसता हसता रडूच आलं, आणि मग थांबेचना. सांगून टाकलं. तो गेला म्हणून. महिना झाला म्हणून.

 तिकडून नळाच्या पाण्याचा आवाज आला. तोंड धूत असाव्यात.

‘येते मी,’ म्हणाल्या. बस्स.

८ एप्रिल

आई आल्या. मुलाला एक शिवी दिली, एकदाच, आणि मग स्वतःच डोळे पुसत बसल्या. त्यांचं काय! माझा नवरा गेला, त्यांचा तर मुलगा असा निघाला.

दुपारी म्हणाल्या, ‘तुझं एक दे बघू. खुनाचं दे.’

१२ एप्रिल

‘डॉक्टरच खुनी! मी लिहून देते!’ आई सकाळपासून ओरडतायत. डॉक्टर नाही, पण मी मूग गिळून बसले. चहा उकळून करपला. ‘याला टाइमपास म्हणायचा तो मूर्ख?’

खूप दिवसांनी घरात कुणी मोठ्याने हसलं. मग संध्याकाळी मला इतकं रिकामं वाटलं की आंघोळीचं निमित्त करून मोरीत बसून राहिले.

१९ एप्रिल

तो आला. पुस्तकं न्यायला! नव्या घरात मोठं शेल्फ केलंय म्हणे. आईंना बघून चेहरा उतरला.

‘माझी पुस्तकं तेवढी...’

‘तुझी?’ आई खुर्चीतून उठल्याही नाहीत. ‘घेऊन जा. यातल्या कुठल्याही एकाचा शेवट सांग आणि सगळी घेऊन जा.’

तो हसला.  मग चपला शोधायला लागला.

आई माझ्या बाजूने बोलत होत्या आणि मला त्याच्या बाजूने धावून जावंसं वाटत होतं. पटकन एक शेवट त्याच्या कानात सांगावा! खोकी भरायला तास-दोन तास तरी थांबला असता. खूप वाळलाय. कॉलर उसवलेली होती.

तो गेल्यावर आईंशी धड बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

२६ एप्रिल

आई सकाळच्या गाडीने गेल्या. जाताना माझी दोन पुस्तकं नेली, त्यांच्या कादंबऱ्यांतली एक माझ्यासाठी पुढे काढून ठेवली. घर खायला उठतंय. तो परत यावा, एवढंच मागणं आहे माझं अजूनही. इथे खोटं कशाला लिहू?

३ मे

त्याचा फोन. तिथे जमलं नाही म्हणाला. रडत होता. ‘येऊ का परत?’

हो म्हणायलाच तोंड उघडलं. ‘नको,’ म्हणाले.

माझाच आवाज होता.