चौकातला कर्णा

४ फेब्रुवारी
निवडणुकीचं काम मिळालं! सकाळवाल्यांच्या उमेदवाराच्या सगळ्या सभांना आवाज आपल्या लाउडस्पीकरच्या दुकानाचा. उमेदवाराचं रंगाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, नुसता उभा आहे. बोलण्याचं खरं काम त्यांच्या प्रवचनकारांचं.

स्वतःपुरतं लिहून ठेवतो, की मी धर्मबिर्म मानत नाही. आमच्या गावात अर्धे लोक सकाळी प्रार्थना करतात, अर्धे संध्याकाळी, आणि एवढ्यावरून दोन पिढ्या एकमेकांकडे पाठ करून बसल्या आहेत. मी जन्माने सकाळवाला. पण मला सकाळी उठणंच जमत नाही, तेव्हा मी तटस्थ. जोडीदार संध्याकाळवाला. दुकान वीस वर्षं दोघांचं. बटणं माझी, शिडी त्याची. कधी वाजलं नाही.

उमेदवार एवढंच म्हणाला की या सभांना जोडीदाराला आणू नका, उगाच लोकांच्या डोळ्यांत खुपेल. मी ताडकन नाही म्हणणार होतो. तेवढ्यात चहा आला. संध्याकाळी जोडीदाराला सांगितलं की तुझी पाठ धरते, महिनाभर आराम कर. तो म्हणाला, माझी पाठ कधी धरली? मी म्हटलं, धरेल.

निश्चय: धर्म आणि राजकारण दोन्ही दुकानाच्या उंबऱ्याबाहेर.

७ फेब्रुवारी
पहिली सभा. प्रवचनकारांचा आवाज म्हणजे निव्वळ पिपाणी. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मला राहवेना. शेवटी आपल्यालाही कामाचा अभिमान आहे. थोडा इको दिला, खालचा सूर जरा भरला. आणि काय सांगू! तीच पिपाणी एकदम आभाळातून बोलायला लागली. लोक ताठ बसले. एका आजीबाईंनी डोळे मिटले.

ते म्हणत होते की देवाने दिवस सकाळी सुरू केला, म्हणजे संध्याकाळी आले ते पाहुणे, आणि पाहुण्यांनी मुक्काम किती करायचा याला काही मर्यादा असते. (जोडीदाराच्या धर्मग्रंथात दिवस संध्याकाळी सुरू होतो. सूर्य दोघांचा एकच.)

वाक्य जरा खटकलं. पण मी आवाज बघतो. अर्थ हे माझं खातं नाही.

८ फेब्रुवारी
बायकोने सकाळीच तोंड उघडलं. म्हणाली, अहो, चौकातला कर्णा थेट भाऊजींच्या खिडकीत तोंड घालून बसलाय, कालचं सगळं वहिनींनी स्वयंपाक करता करता ऐकलं असेल. मी म्हटलं, तो कर्णा जोडीदारानेच तसा लावलाय. खरंच आहे ते. आवाजात बिघाड झाला तर घरबसल्या कळावा म्हणून, दहा-बारा वर्षांपूर्वी. बायको म्हणाली, मग आता फिरवा.

फिरवणार. उद्याच. शिडीचं काम आहे, एकट्याने. आणि आज गुडघा दुखतोय.

१० फेब्रुवारी
गुडघा.

१२ फेब्रुवारी, सभेला निघण्यापूर्वी
आज शांतपणे विचार केला. भांडायचं नाही, काम सोडायचं नाही. फक्त ‘पाहुणे’ हा शब्द आला की आवाज कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढायची. कुणाला वाटेल, तार हलली. लोकांपर्यंत विष पोचणार नाही, उमेदवार दुखावणार नाही, जोडीदार सुरक्षित. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही? हलकं वाटतंय.

१२ फेब्रुवारी, परत आल्यावर
झालं असं, की मी बोट पट्टीवर ठेवून तयार होतो. प्रवचनकार त्या वाक्यापाशी आले. ‘जे संध्याकाळी आले’ म्हणाले आणि नेमका माईकच शिट्टी मारायला लागला! कानठळ्या बसतील अशी. म्हणजे देवानेच काम केलं होतं. मी फक्त हात बांधून बसायचं होतं.

पण माझ्या देखत माईक शिट्टी मारतो म्हणजे काय? लोक माझ्याकडे वळून बघतात म्हणजे काय? हाताने आपोआप दोन बटणं फिरवली. शिट्टी बंद. ‘पाहुणे’ हा शब्द इतका स्वच्छ गेला की तसा स्वच्छ शब्द मी या धंद्यात ऐकला नव्हता. टाळ्या थांबेनात.

ही चूक माझी नाही. सवयीची आहे. पण जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी
जोडीदार दुकानात आला. पाठीचं काही बोलला नाही. मी विचारलंही नाही. बराच वेळ तारा गुंडाळत बसला, गुंडाळलेल्याच होत्या. मग म्हणाला की घरमालकाने खोल्या सोडायला सांगितल्यात. कारण विचारलं तर हसून म्हणाले, किती दिवसांचा पाहुणा तू? अरे, म्हणाला, त्यांच्या मोठ्या मुलीचं नाव ठेवलं तेव्हा मी त्यांच्या घरी होतो.

घरमालक सभेला पहिल्या रांगेत असतात. मला ओळखतात, मानतात. जोडीदार म्हणाला, तू एक शब्द टाक. एवढंच. वीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही, पान्हासुद्धा स्वतःचा आणतो.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, उद्या जातो, तू निर्धास्त राहा. हे म्हणताना मला स्वतःविषयी फार बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
घरमालकाकडे गेलो. बोलायचं सगळं पाठ करून गेलो होतो. दारातच त्यांनी दोन्ही हात धरले. म्हणाले, तुमच्यामुळे देवाचा आवाज ऐकायला मिळाला हो! मी म्हटलं, इकोचा गुण आहे. ते म्हणाले, नाही नाही, श्रद्धेचा. आत सगळ्यांना बोलावलं. सुनेने येऊन वाकून नमस्कार केला. अशा वेळी विषय कसा काढणार? माणसाला काही रीतभात असते.

निघताना धीर करून म्हटलं, तुमच्या त्या भाडेकरूंचं जरा... ते म्हणाले, हो हो, काळजी नको, महिनाअखेर जातायत. मी म्हटलं, बरं.

म्हणजे विषय काढला नाही असं नाही.

जोडीदाराला सांगितलं, ते विचार करतायत.  तो म्हणाला, बरं. दोघांचंही ‘बरं’ सारखंच होतं, त्याला कशाला बोल लावू? बायकोला खरं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि ती आत गेली. मला माझी लाज वाटली. साधारण झोप लागेपर्यंत वाटत होती.

२० फेब्रुवारी
मतदानाआधीची शेवटची सभा. आज माघार नाही म्हणजे नाही. माईक दोनदा तपासला, शिट्टीची शक्यताच ठेवली नाही. प्रवचनकार म्हणाले, ‘जे संध्याकाळी आले ते’ आणि मी पट्टी खाली ओढली. पार तळाला. खरोखर ओढली!

त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. शांतता. मी ताठ बसलो होतो.

आणि मैदानातून सगळे एकदम ओरडले, पाहुणे!

हजारो लोक. माईक नाही, इको नाही, काही नाही. त्यांचं पाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं. पहिल्या दिवशी डोळे मिटलेल्या आजीबाई आज मूठ उगारून ओरडत होत्या.

सभा संपल्यावर प्रवचनकार स्वतः माझ्याकडे आले. मला वाटलं, आता धरतात गचांडी. त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, काय अप्रतिम जागा सोडलीत! लोकांच्या तोंडून वदवून घेतलंत. यापुढे प्रत्येक सभेत इथे असंच करा.

मी म्हटलं, हो.

२३ फेब्रुवारी
जोडीदाराचा टेम्पो लागला. बहिणीच्या गावी चालले आहेत, तिकडे संध्याकाळवाल्यांची वस्ती आहे. मी सामान उचलायला गेलो, म्हणजे बहुतेक भरून झाल्यावर पोचलो. बायको पहाटेपासून तिथेच होती. ती आणि वहिनी एकमेकींना धरून उभ्या होत्या, मी आल्यावर सुटल्या.

मी म्हटलं, निवडणुकीपुरतं आहे रे, वातावरण निवळलं की परत ये, दुकान तुझंच आहे. त्याने शिडी दुकानात ठेवल्याचं सांगितलं. खालून दुसऱ्या पायरीचा खिळा ढिला आहे, सांभाळून चढ म्हणाला.

टेम्पोत बसता बसता म्हणाला, इको तू दिलास ना? मी म्हटलं, कसला? म्हणाला, तुझा हात मी ओळखत नाही का? पंधरा दिवस खिडकीतून ऐकतोय. मग म्हणाला, बिघाड काही सापडला नाही. एकेक शब्द स्वच्छ येत होता.

कामाबद्दल बोलला असेल. कामाच्या बाबतीत तो कधी खोटं कौतुक करत नाही.

घरी येऊन मोरीत नळ सोडून बसलो. बायकोने हाक मारली नाही.

२७ फेब्रुवारी
उमेदवार दणदणीत मतांनी निवडून आला. विजयसभेला आवाज आपला. प्रवचनं यापुढेही चालू राहणार, तिथेही आपलाच. त्या जागी पट्टी ओढली, सांगितल्याप्रमाणे.

२ मार्च
आज शेवटी शिडी काढली. खिळा ठोकला, खांबावर चढलो आणि कर्णा त्या खिडकीवरून फिरवला. मोकळ्या मैदानाकडे तोंड केलं, तिकडे कुणीच राहत नाही. फार काही अवघड नव्हतं. पान्हा लावायचा, अर्धा वेढा, झालं. वरून त्याचं स्वयंपाकघर दिसतं. रिकामं आहे. भिंतीवर डब्यांच्या फळीची खूण राहिली आहे.

उतरल्यावर खांबाला धरून जरा रडलो. पण उशिरा का होईना, केलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आता? तरी आज मला माझ्याबद्दल जरा बरं वाटतंय. यापुढे असंच वागायचं, मनाला पटेल तेच करायचं.

५ मार्च
जोडीदाराच्या खोल्यांत नवे भाडेकरू आले. सकाळवाले आहेत. बोलायला गोड. गृहस्थ दुकानात येऊन म्हणाले की घरमालकांनी मुद्दाम सांगितलं होतं, या खिडकीत प्रवचन फार छान ऐकू येतं. पण आम्हाला तर काहीच नीट ऐकू येत नाही. तेवढा कर्णा आमच्याकडे वळवून द्याल का?

उद्या सकाळीच चढतो म्हटलं. गुडघा आता अगदी बरा आहे.