खाटेखालची बाटली

कर्जत, ११ फेब्रुवारी १९७४
बायांनो, नदी जवळ असून आपण सगळ्या तहानलेल्या आहोत — लोधिवलीच्या सभेची सुरुवात अशी करणार होते. आता सभा कसली! अंग बाहेर यायचं, त्याचं ऑपरेशन झालं. लघवीसाठी रबरी नळी बसवली आहे, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. भेटायला येणारे आधी बाटलीकडे बघतात, मग माझ्याकडे.

१२ फेब्रुवारी
पाणी टाळते आहे. बाटली रिकामी दिसली की बरं वाटतं. ती ओतायला नणंदेला, शकूला, जावं लागतं.

१३ फेब्रुवारी
ओटीपोट दगडासारखं झालं. नळीतून थेंब नाही. टाके तुटले तर? सिस्टरने बाटली उजेडात धरली. लघवी काळपट, गढूळ.
"पाणी किती प्यायलात?"
माझ्याआधी शकूच बोलली, "सभंला निघाली का वैनी सकाळपासून घोट घेत नाय. तितं बाईमानसाला आडोसा कुटं हाय? आमाला सवयच हाय ती."
"इथे तर नळी आहे. इथे काय अडलंय?"
भल्याभल्यांचे मुद्दे खोडणारी मी! पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. गाळ साचून नळी तुंबली होती. पाणी सोडून मोकळी केली तेव्हा उशी चावली.

१५ फेब्रुवारी
नळीला चिमटा लावून ठेवतात. लघवी लागल्याचं कळायला हवं. कळत नाही. उद्या नळी काढून बघणार; आपसूक झाली नाही तर नळीसकट घरी. मी नळी घेऊन लोकांपुढे उभी राहू?
शकू म्हणाली, "र्‍हावा की. बाटली टेबलावर ठेवू. फकस्त पानी म्हनून पिऊ नका."
हसताना टाके दुखले.

१६ फेब्रुवारी
सकाळी नळी काढली. तांब्यावर तांब्या प्यायले. दुपार झाली, काही नाही. शेजारच्या खाटेवरून गौराबाई सारखी विचारते, "झाली का गं?" सिस्टर म्हणाली, आणखी थोडी वाट बघू, मग पुन्हा नळी.
शकूने मोरीत नेलं. बाहेरून दार ओढून तिथेच उभी राहिली. "मी हाय हितं. कुनी येत नाय. घाई करू नका."
आजवर कायम पहाटेच्या अंधारात, रस्त्याकडे कान लावून, अर्धवट उठले. घाई करू नको, असं कुणी म्हटलंच नव्हतं.
बराच वेळ बसले. झाली.

१७ फेब्रुवारी
भाषण नव्याने लिहिलं. एवढंच: बायांनो, सभेला येताना प्रत्येकीने एक जुनं लुगडं आणा. आधी आडोसा बांधू. तो झाल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.