टेबलावरचं तपकिरी कापड

मी, वय वर्षे एकोणऐंशी, शब्दकोशाची निवृत्त संपादिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. फुफ्फुसं थकली आहेत, डोकं अजून भांडायला तयार आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावी. बापाने अबोला धरला, तरी ती दर रविवारी येत राहिली.

२. खिडकीजवळचं टेबल आणि त्यावरचं जाडंभरडं तपकिरी कापडही तिलाच. दोन्हींची ताटातूट करू नये. याचा खुलासा करणं भाग आहे.

परकीय शब्दांचा कोश भाऊ आणि मी याच टेबलावर करत होतो. दोघांनी मान डोलावल्याशिवाय पुढचा शब्द घ्यायचा नाही, ही आमची रीत. ‘ब्यूरो’पाशी गाडी अडली. फ्रेंचमध्ये मुळात हे अशाच एका भरड लोकरी कापडाचं नाव होतं. ते ज्या टेबलावर अंथरत, त्या टेबलाला कापडाचं नाव पडलं. मग टेबलाच्या खोलीला, मग कचेरीला. जर्मन, इंग्रज, सगळ्यांनी शब्द उचलला. कापड मागेच राहिलं.

भाऊ म्हणाला, “ताई, ब्यूरो म्हणजे कचेरी. पहिला अर्थ तोच द्यायचा. कापड कोणाला हवंय?”

“मला हवंय!” मी ओरडले. आमच्या टेबलावरचं कापड आईच्या ब्लँकेटचं आहे. आम्हा दोघांना तिने त्यातच गुंडाळून वाढवलं. हे त्याला ठाऊक असून तो असं बोलला, म्हणून जिव्हारी लागलं. तो चष्मा उचलून गेला, तो गेलाच.

३. कोश एकटीने उरकायला सांगणाऱ्या प्रकाशकाने माझी छत्री ढापली आहे. ती त्याने खुशाल ठेवून घ्यावी.

४. भावाला काहीही देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एक काय ते ठरवा.” ठरवलं. तो साक्षीदार. शेजारी सही करायला एका पायावर तयार आहेत. त्यांना मी पेन देणार नाही. तो आला नाही, तर हा कागद रद्दी. मला तो एकदा या टेबलाशी बसलेला बघायचा आहे, बस.

५. अर्धा राहिलेला कोश मात्र त्याने पुरा करावा. ते काम आहे, मालमत्ता नव्हे. वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

ठिकाण: खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: ३ फेब्रुवारी.
सही: थोरली बहीण

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मला दोनदा गप्प बसवलं.

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. कागद मी धरला होता. कापडाला अजून आईच्या पेटीचा वास आहे. पहिला अर्थ कापड, मला मान्य. तिने मान डोलावली आणि म्हणाली, “चल, पुढचा शब्द वाच.”